चावी माझ्या हातात आली तेव्हा

येरळेच्या काठावर आबांचा दहावा झाला. पंगतीला बसायच्या आधी त्यांच्या मुलीनं, शोभाताईनं, माझा हात धरून मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. म्हटलं, बरंच झालं, एकदाचं कुणीतरी बोलेल. तर ती म्हणाली, "वैशाली, लय उपकार हायत तुजं. तू येळेला गाडीची चावी काढून घेतलीस म्हणून आबा अंथरुणात गेलं. न्हाईतर रस्त्यात गेलं असतं, आन् संगं आनि कुणाला तरी घिऊन गेलं असतं."

शेजारच्या दोन बायांनीही दुजोरा दिला. पंगतीत वाढणारा एकजण माझ्या पानात मुद्दाम जास्तीचा भात घालून म्हणाला की वहिनी, शहाणपणाचं काम केलंत तुम्ही. सगळं गाव मला चांगलं म्हणतंय आणि मला मात्र चोरासारखं होतंय, हे सांगायचं कुणाला? नवऱ्याला सांगून झालं. तो म्हणतो, तू खरं तेच बोललीस, आता किती दिवस उगाळणार आहेस. खरं बोलले हे मलाही माहीत आहे. त्यानं काही होत नाही.

म्हणून हे लिहायला बसले. दिनकर आबांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. फौजेत मोटार ड्रायव्हर होते, हवालदार होऊन परत आले, भावाबरोबर ऊस करायचे, एवढंच. मला माहीत आहेत ते आमच्या पिकअपमधले आबा. आणि ते माणूस म्हणून फार गोड वगैरे नव्हते, हेही आधीच सांगून टाकते. मेलेल्या माणसाला लोक उगाच साखरेत घोळतात.

मी मूळची वाईची. घाटाजवळ वडलांचं पूजेच्या सामानाचं दुकान. लग्न होऊन कडेगावजवळ आले आणि संतोषबरोबर उसाच्या रोपांची नर्सरी सुरू केली. ट्रेमध्ये उसाचा डोळा, म्हणजे कांडीवरचा अंकुर, लावायचा, रोप हातभर झालं की शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचवायचं. त्यासाठी जुनी पिकअप घेतली. गाडी आली, पण ड्रायव्हर टिकेना. एक दारू प्यायचा, दुसरा सासुरवाडीला गेला तो आलाच नाही. तिसऱ्याच्या शोधात असताना एके सकाळी शेजारच्या बांधावरून एक उंच म्हातारा माणूस सरळ आमच्या आवारात चालत आला. दाढी तुळतुळीत, मिशीला पीळ, अंगात खाकी स्वेटर. राम राम नाही, काही नाही.

"गाडी रडतीया तुमची," म्हणाले. "आठ दिस झालं बांधावरनं ऐकतोय. कुणाला दया येत न्हाई व्हय?"

खरंच, गाडी चालू केली की कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज यायचा. आम्हाला वाटायचं जुनी गाडी, येणारच. आबांनी बॉनेट उघडून घेतलं, फॅनबेल्ट बोटानं दाबून बघितला, पाना मागितला आणि बेल्ट ताणून दिला. आवाज बंद. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी चावी त्यांच्या खिशात होती. संतोषनं चाचरत पगाराचं विचारलं तर म्हणाले, "पेन्शन हाय मला. गाडी नव्हती फकस्त."

त्यांचा दिवस सुरू व्हायचा तो 'फस्ट परेड'नं. हा फौजेतला शब्द. गाडीला चावी लावायच्या आधी तिची तपासणी. रेडिएटरमधलं पाणी, ऑईलची पट्टी, ब्रेकचं तेल, बॅटरीची टोकं, चारी टायर आणि स्टेपनी. स्टेपनी म्हणजे जादा चाक, ते तर रोज. "चार टायर दिसत्यात म्हणून तुमी बघता. पाचवा दिसत न्हाई. गरज लागती ती न दिसणाऱ्याची." ऑईलची पट्टी पुसायला त्यांच्याकडे एक वेगळं फडकं होतं आणि त्या फडक्याला दुसऱ्या कशाला हात लावलेला त्यांना खपत नसे. मी एकदा त्यानं काच पुसली. त्यावर जे ऐकून घेतलं ते सासूनंही कधी ऐकवलं नव्हतं.

"वाईची माणसं लय सोवळी म्हणं," ते म्हणाले. "मग ऑईलचं फडकं आन् काचंचं फडकं येगळं, एवढं सोवळं न्हाई कळत?"

मी 'लय' म्हणायचे नाही, 'फार' म्हणायचे, याचीही त्यांना गंमत वाटे. रागावले की मला 'वाईकर' म्हणायचे, बरं चाललं असलं की 'पोरी'. दिवसभरात मी जास्त वेळ वाईकरच असायचे.

वाटेत कुठे थांबलो की आबा आधी गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि प्रत्येक टायरवर तळहात ठेवायचे. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. एखादा टायर जास्त गरम लागला तर हवा कमी आहे किंवा ब्रेक धरतोय. त्यांची बायको, माई, आमच्याकडे भाजी निवडत बसायची तेव्हा म्हणायची, "मला ताप आला तर दोन दोन दिस पत्त्या नसतो ह्यास्नी. टायरचा ताप मातर हात लावल्याबरोबर कळतोय." आबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. हॉर्न मात्र ते जवळजवळ वाजवतच नसत. म्हणायचे, हारन वाजवायची पाळी आली म्हंजे आपलं आधीच कायतरी चुकलंय. खंडेनवमीला आम्ही गाडी धुऊन हार घालायचो, तर कुंकू लावायचा त्यांचा क्रमच उलटा. आधी जॅक, मग पाना, मग स्टेपनी, शेवटी स्टेअरिंग. का, तर स्टेअरिंग रोज हातात असतं, त्याला काय पूजायचं. अडचणीला धावून येतो त्याला पहिला मान.

मला गाडी त्यांनीच शिकवली. तोडणी झालेल्या उसाच्या रानात. मी मागायच्या आधीच. म्हणाले, "मालकीणबाई डाव्या बाजूला बसून हाय ती गाडी मालकिणीची न्हाई." शिकवताना मात्र त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. क्लच जरा जास्त दाबून धरला की स्वतःच्या गुडघ्यावर हात मारून घ्यायचे. परवाना मिळाला तेव्हा पेढे मी वाटले आणि कौतुक त्यांचं झालं. तरी मोठ्या रस्त्याला चावी त्यांच्याकडेच. मी गावातल्या गावात.

एकदा मात्र त्यांनी मुद्दाम मला स्टेअरिंगवर बसवलं आणि सागरेश्वराच्या चढावर गाडीचा काटा तांबड्यात गेला. बॉनेटमधून वाफ. मी गाडी कडेला घेतली, उतरले, पदर हाताला गुंडाळला आणि रेडिएटरचं टोपण उघडायला गेले. आबांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी वाकली.

"उकळतं पाणी तोंडावर घ्यायचंय व्हय?"

"मग काय करायचं?"

"काय न्हाई. बसायचं. रागावल्यालं माणूस आन् तापल्यालं इंजन, दोघास्नी हात लावायचा न्हाई. आपोआप गप हुत्यात."

आणि ते खरंच झाडाखाली टॉवेल पसरून झोपले. मी मात्र मागच्या रोपांवर हिरवी जाळी ओढत, घड्याळ बघत, त्यांच्या घोरण्याचा राग राग करत उभी राहिले. बऱ्याच वेळानं उठून त्यांनी बॉनेटवर हात टेकवला, आधी टोपण जरासं सैल केलं, फुस्स होऊ दिलं, मग काढलं. पाणीसुद्धा एकदम ओतू दिलं नाही. थोडं थोडं. फुटक्या पाईपवर रबराची पट्टी आवळून बांधली आणि म्हणाले, घरापतोर जाईल, त्याच्या फुडं न्हाई. घरापर्यंतच गेली.

आता त्यांच्या एका खोडीबद्दल सांगते, कारण तिनं मला फार छळलं. रस्त्यात बंद पडलेली गाडी दिसली की हा माणूस थांबायचाच. आपल्या गाडीत काय माल आहे, कोण वाट बघतंय, काही नाही. एकदा आम्ही खानापूरच्या पुढे निघालो होतो, ऐन उन्हात, मागे कोवळी रोपं. वाटेत आटपाडीकडच्या धनगरांचा टेम्पो उभा. मागे कोकरं, भांडी, खाटलं, वर एक म्हातारी. आबांनी ब्रेक मारला. मी म्हटलं, आबा, रोपं. ते उतरलेसुद्धा.

चालक म्हणाला, गचके देऊन बंद पडली. आबांनी अगदी डॉक्टरसारखा चेहरा केला. "एअर धरलीया." म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली. मग नट सैल करणं, पंप मारणं, फेस येतोय का बघणं. टेम्पोचा फिल्टर उघडला, पुसला, लावला. पुन्हा उघडला. मी उन्हात उभी. शेवटी मांडीवर कोकरू घेऊन सावलीला बसलेली धनगराची बायको शांतपणे म्हणाली, "आवं बाबा, टाकीत डिझेल तरी हाय का बगा की."

टाकी कोरडी ठणठणीत. काटा केव्हाचाच बंद होता.

आबा टाकीचं टोपण लावत म्हणाले, "तेच म्हणतोय मी. डिझेल न्हाई म्हणून तर एअर धरली."

त्या बाईला हसू आवरेना. मलाही आवरेना, पण मी रागात होते. आमच्या टाकीतलं डिझेल नळीनं काढताना आबांच्या तोंडात घोटभर गेलं आणि त्या दिवशी मिशीला डिझेलचा वास घेऊन ते घरी आले. वरच्या ट्रेमधली रोपं माना टाकून बसली होती, शेतकरी मला बोलला आणि मी आबांना बोलले. चांगलं बोलले. ते म्हणाले, "रोपं काय, परत उगवत्यात."

"उगवत नाहीत आबा. परत लावावी लागतात."

"मग लावूया."

आणि खरंच, पुढच्या रविवारी आले, नर्सरीतल्या बायकांच्या रांगेत मांडी घालून बसले आणि दिवसभर ट्रेमध्ये डोळे लावत राहिले. लावले ते निम्मे उलटे. बायकांनी त्यांना न दुखवता ते नंतर सरळ केले. ती डिझेलची गोष्ट कुणाला सांगू नकोस असं त्यांनी मला बजावलं होतं. मी गावभर सांगितली.

आणखी एक त्यांचा नेम होता. आपल्याकडे गाडी बंद पडली की मागून येणाऱ्याला कळावं म्हणून रस्त्यावर दगड मांडतात, बाभळीची फांदी टाकतात. आणि गाडी दुरुस्त झाली की माणसं घाईनं निघून जातात, दगड तिथंच. रात्री एखादा मोटरसायकलवाला त्यावर जातो. आबा असे दुसऱ्यांनी टाकून गेलेले दगड गाडी थांबवून उचलायचे, त्या न बघितलेल्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आपले मांडलेले दगड तर स्वतःच उचलायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. "दगड ज्यानं मांडला त्यानंच उचलायचा. तू उचललास का, मी उचलला का, ह्यातच दगड र्‍हातोय."

मला वाटलं, या नेमामागे काहीतरी जुनी घटना असणार. विचारलं. तर चिडले. "म्हाताऱ्या माणसाच्या परतेक सवयीमागं गोष्टच असती व्हय? दगड बांधाचा हाय, बांधावर ठेवावा. त्यात काय गोष्ट?"

आबांच्या डोळ्यांचं कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. संध्याकाळच्या वेळी ते मला विचारायचे, "सांग बगू, फुडं कोण चाललंय? ट्रॅक्टर का बैलगाडी?" मला वाटायचं परीक्षा घेतायत. मी मोठ्या हुशारीनं उत्तरं द्यायचे. ती परीक्षा नव्हती, हे कळायला मला फार वेळ लागला. मग पाट्या मला वाचायला लावू लागले. गळिताच्या हंगामात एकदा दिवस मावळल्यावर उसाची ट्रॉली पुढे होती, मागे दिवा नाही, काही नाही. मी ओरडले तेव्हा त्यांनी ब्रेक मारला. उसाचे शेंडे काचेला टेकले.

"बगितली व्हती मी," ते म्हणाले. बघितली नव्हती.

त्या रात्री संतोषला म्हटलं, आबांना सांगायला हवं. तो म्हणाला, तू सांग, तुझं ऐकतात. मी म्हटलं, तू सांग, पुरुषमाणूस आहेस. तो म्हणाला, त्यांची मिशी समोर आली की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. असं करत हंगाम निम्मा गेला. माईला विचारावं म्हटलं तर तिचं तोंड बघून तेही जमेना. चावी गेली तर आबांकडे राहणार काय, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी रोज सकाळी ठरवायचे की आज बोलायचं. रोज फस्ट परेड करताना ते मला काहीतरी शिकवायला लागायचे आणि बोलायचं राहूनच जायचं.

मग तो दिवस आला. आम्ही पलूसकडे रोपं घेऊन निघालो होतो. आबा चालवत होते. उन्हं उतरली होती, पण उजेड होता. कॅनॉलच्या पुलापुढच्या वळणावर मागचा डावा टायर फुटला. आबांनी गाडी हलकेच कडेला घेतली, ब्रेक जोरात दाबला नाही, स्टेअरिंग घट्ट धरून तिचं तिला थांबू दिलं. हे ते उत्तमच करायचे. मग पुलाच्या कठड्यापासून चुना मारलेला एक दगड आणला, पांढरा, लांबून दिसावा म्हणून. वळणाच्या अलीकडे तो मांडला, त्याच्यामागे बाभळीची फांदी. चाकांना दगड लावले, जॅक लावला. नट आधी जमिनीवर असतानाच सैल केले, मग गाडी उचलली. स्टेपनीत हवा होती, ती असायचीच.

इकडे शेतकऱ्याचे फोनवर फोन. मजूर थांबलेत, अंधार होतोय, येताय की नाही. मी डाव्या सीटवर बसून त्याची समजूत घालत होते. आबांनी फांदी ओढून गटारात टाकली एवढं आवाजावरून कळलं. ते येऊन बसले, आम्ही निघालो. मी मागे बघितलं नाही. फोन कानालाच होता.

रात्री अंधारात नको म्हणून शेतकऱ्याकडेच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच परत येताना त्या वळणावरच्या टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाला म्हणाला, "काल सांजचं एक पोरगं पडलं की हितं. कुपवाडला कारखान्यात कामाला जातंय. दगडावर गाडी गेली. मांडी मोडली त्याची. सांगलीला नेलाय दवाखान्यात." आणि त्यानं पायानं बाकड्याखाली दाखवलं. तो दगड तिथं आणून ठेवला होता. चुन्याचा.

आबांनी कप खाली ठेवला. उकिडवे बसले, दगड हातानं फिरवून बघितला. डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "पोरी, दगड मी उचलला व्हता न्हवं?"

मला एक वाक्य बोलता आलं असतं. आबा, मी म्हटलं होतं मी उचलते, माझ्याकडूनच राहिला. त्यांनी मला आठवडाभर वाईकर वाईकर म्हणून सोलून काढलं असतं आणि त्यांची चावी त्यांच्याकडे राहिली असती. हे वाक्य मला तेव्हा सुचलंसुद्धा. खोटं सांगत नाही, सुचलं होतं.

मी म्हटलं, "नाही आबा. तुम्ही फांदी उचललीत. दगड राहिला." आणि थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हटलं, "तुम्हाला हल्ली दिसत नाही आबा."

कित्येक आठवडे मला जे बोलायला जमत नव्हतं, ते मी त्या मुलाच्या मोडलेल्या मांडीचा आधार घेऊन बोलले. आयती संधी मिळाली आणि मी साधली. शिवाय मागे बघितलेलं तर मीही नव्हतं. माझे डोळे चांगले होते.

आबांनी रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, स्वेटरला पुसले, खिशातून चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. डाव्या बाजूचं दार उघडून बसले. सागरेश्वरानंतर मोठ्या रस्त्यावर मी पहिल्यांदाच चालवत होते. एका चढावर मी क्लच इतका दाबून धरला की जळका वास आला. मी वाट बघत राहिले, आता ओरडतील, आता गुडघ्यावर हात मारतील. ते समोर बघत बसून राहिले. पुढे रस्ता मोकळा लागला, गाडी छान पळायला लागली, आणि मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते. पण वाटलं बरं. चावी माझ्याकडे आली होती आणि ती मला आवडली होती.

त्याच दुपारी आबा एसटीनं सांगलीला गेले. दवाखाना शोधला, त्या पोराच्या खाटेशी जाऊन उभे राहिले आणि सांगितलं की दगड माझा होता. अमर त्याचं नाव. त्याची आई फार बोलली म्हणे. आबांनी ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी पुन्हा गेले. असे जात राहिले, डबा घेऊन, माईच्या हातच्या भाकरी घेऊन. मीही एकदा गेले. तेव्हा तो अमर उशीला टेकून म्हणत होता, "आवं आबा, किती येळा सांगू, माझ्या गाडीची लाईटच बंद हुती. मला दिसलाच नसता दगड. तुमचा काय दोष न्हाई."

आबा म्हणाले, "तुजी लाईट तुज्याकडं, गड्या. माजा दगड माज्याकडं."

पोरगं बरं झालं. काही महिन्यांनी काठी सोडून चालायला लागलं, कामावरही गेलं. आबांचे डोळे मात्र काचबिंदूचे निघाले. डॉक्टर म्हणाले, आहे ते राखायचं, गेलेलं येत नाही. मी एकटी गाडी घेऊन जाऊ लागले. सकाळची परेड मी करायची, नीट करायची, आणि बांधापलीकडे आबा खाटेवर बसून असायचे. मुद्दाम पाठ करून. एकदा फॅनबेल्ट पुन्हा चिंचीं करू लागला. मी दोन दिवस तसाच ठेवला, की ऐकून येतील. नाही आले. मग मीच ताणला.

तेव्हाच माई गेली, आणि शोभाताईनं आबांना सांगलीला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. मला मिरजेकडे माल टाकायचा होता, मी निरोप दिला की मी सोडते. त्या सकाळी आबा रस्त्यावर उभे होते. फौजेतली काळी ट्रंक पायाशी. दाढी तुळतुळीत. मिशीला पीळ मात्र नव्हता. मी उतरून डावं दार उघडलं. त्यांनी ट्रंक उचलून मागच्या हौद्यात ठेवली आणि फाळक्यावर, मागच्या पत्र्याच्या दारावर, पाय देऊन स्वतःही वर चढले, रोपांच्या ट्रेजवळ.

"आबा, पुढे बसा. लोक काय म्हणतील, एवढ्या माणसाला मागं बसवलं?"

"फुडं बसलं की माजं तोंड गप बसत न्हाई. ज्याच्या हातात गाडी, त्यालाच बोलायचा हक हाय. चल तू."

किती विनवलं. शेवटी रोपं उतरवायला मागे बसलेल्या मजूर बाईनं त्यांना ट्रंकेवर बसायला जागा करून दिली आणि मी निघाले. ते तोंड मागे करून बसले होते. मधल्या काचेतून मला त्यांची मान आणि टोपी दिसत होती. सांगलीपर्यंत मी मनात एकच वाक्य घोळवत होते. आबा, त्या दिवशी मीही मागे बघितलं नव्हतं. खड्डा आला की हळू, वळण आलं की हळू. वाक्य पाठ झालं होतं.

शोभाताईच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. ऐन गर्दीची वेळ. मी उतरायला दार उघडते तोवर आबा खाली उतरून ट्रंक घेऊन कडेला झाले होते. मागून एसटीनं हॉर्न धरला, रिक्षावाले ओरडायला लागले. मी म्हटलं, "आबा, मला एक..."

"बस, बस. गाडी रस्त्यात हाय," ते म्हणाले. ट्रंक भिंतीला लावली आणि गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी जाऊन उभे राहिले. हात वर केला, मागच्यांना थांबवायला. ट्रकचे क्लीनर उभे राहतात तसे. मग त्यांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली, क्लीनर मारतात तशीच, आणि मोठ्यानं म्हणाले, "जाऊ द्या, ड्रायव्हर. मागं मोकळं हाय."

मला आजवर त्यांनी अहो-जाहो केलं नव्हतं. आणि त्यांना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी आरशात बघितलं नाही. एकदा तरी त्यांच्या शब्दावर गाडी काढायची होती. क्लच सोडला आणि निघाले. त्यानंतर आबा मला भेटले नाहीत. आरशात बघितलं असतं तर आणखी एकदा दिसले असते.